झेरॉक्सच्या काउंटरवर एसएक्सएचकेडी

एसएक्सएचकेडी हा लिनक्सवरचा कीबोर्ड शॉर्टकटचा प्रोग्रॅम. त्याला खिडकी नाही, आयकॉन नाही, सेटिंगचं पान नाही. इन्स्टॉल करून मेनूत शोधत बसाल तर काही हाती लागणार नाही. एक साधी मजकुराची फाइल लिहायची, हा प्रोग्रॅम पाठीमागे चालू ठेवायचा आणि विसरायचं. मग समोर फायरफॉक्स असो, लिब्रेऑफिस असो नाहीतर नुसता रिकामा डेस्कटॉप, ठरवलेली कळ दाबली की ठरवलेलं काम होतं. नावाचा विस्तार सिंपल एक्स हॉटकी डीमन. एक्स म्हणजे लिनक्सवर स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी व्यवस्था, डीमन म्हणजे पाठीमागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम. बीएसपीडब्ल्यूएम नावाचा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, ज्याने लिहिला त्याचंच हे काम, पण तो विंडो मॅनेजर वापरायची सक्ती नाही. मी वापरत नाही.

माझं दुकान अमळनेरला, एसटी स्टँडजवळ. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, अर्ज टाइप करून देणे. तेव्हा हे परीक्षण काउंटरवरून लिहिलेलं आहे. प्रोग्रॅमर मंडळींना ज्या गोष्टीत रस असतो त्या इथे कमीच सापडतील.

दुकानातल्या दोन्ही मशीनवर लिनक्स मिंट, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. मशीन जुनी आहेत हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. दिवसभरात कुणाकुणाचे खिशातले, किल्लीला अडकवलेले, शाळेतून आणलेले पेनड्राइव्ह लागतात आणि निम्म्यांत व्हायरस असतो. विंडोजवर असताना दर काही दिवसांनी मशीन धुऊन काढावं लागायचं. १९४५ साली ज्या गावात वनस्पती तुपाच्या धंद्यातून विप्रो उभी राहिली, त्या गावात लिनक्स म्हटलं की अजून "ते फुकटवालं का?" असं विचारतात. असो.

काउंटरवर खरा त्रास कामाचा नसतो, हाताचा असतो. माणूस समोर उभा, मागे तिघं. "भाऊ, मना सातबारा नि आठ अ दोन्ही काढी दे, मनी बस निंघी जाई." तेवढ्यात कॉलेजची मुलगी फोटो-सहीचे कागद घेऊन. एका फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत हवा, दुसऱ्याला सही २० केबीच्या आत. आता स्कॅनरचा प्रोग्रॅम उघडा, स्कॅन करा, कापा, सेव्ह करा, मग इमेजचा प्रोग्रॅम उघडा, क्वालिटी कमी करा, साइज बघा, परत कमी करा. माउस इकडून तिकडे, हात कीबोर्डवरून उचल, परत ठेव. जून-जुलैत दाखले, शिष्यवृत्ती आणि पीक विमा एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा ही उचल-ठेवच निम्मा जीव खाते.

आता माझ्याकडे सही कापून झाली की सुपर आणि एफ ७ दाबायचं. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. पाठीमागे इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळ चालते, तिला सांगितलेलं असतं की जेपेग २० केबीत बसव, आणि फाइल 'सही' नावाने एका ठरलेल्या फोल्डरमध्ये पडते. एफ ८ ला फोटो, ५० केबी. ही बारीक करायची अक्कल इमेजमॅजिकची आहे, एसएक्सएचकेडीची नाही. एसएक्सएचकेडी फक्त कळ ओळखतं आणि आज्ञा सोडतं. हा फरक आधीच लक्षात घ्या, नाहीतर 'हे तर काहीच करत नाही' असं वाटून काढून टाकाल.

फाइल लिहायची पद्धत इतकी सोपी की दहावी झालेला पोरगाही दुपारच्या रिकाम्या वेळात शिकतो. पहिल्या ओळीत कळांची जोडी, मधे अधिकचं चिन्ह. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला थोडी जागा सोडून आज्ञा. ओळीच्या सुरुवातीला जागा असली की ती आज्ञा, नसली की ती कळ. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे आपली टीप, ती प्रोग्रॅम वाचत नाही. मी टिपा मराठीत लिहितो: 'ही रंगीत प्रिंट', 'ही हात लावू नका'.

पण खरी चव महिरपी कंसात आहे. समजा कळेच्या ओळीत सुपर अधिक, मग महिरपी कंसात १ ते ४, असं लिहिलं आणि खालच्या आज्ञेत फायरफॉक्सच्या पुढे महिरपी कंसातच स्वल्पविराम देऊन चार पत्ते लिहिले, तर पहिल्या आकड्याला पहिला पत्ता, दुसऱ्याला दुसरा असं आपोआप जुळतं. दोन ओळींत चार शॉर्टकट. माझ्याकडे १ ला महाभूलेख, २ ला आपले सरकार, ३ ला महाडीबीटी, ४ ला पीएम किसान. पाचवा पत्ता वाढवायचा तर दोन्ही कंसांत एकेक भर घालायची, बस.

कंसात नुसता अंडरस्कोर टाकला तर त्याचा अर्थ 'इथे काही नाही'. हे वाचताना बिनकामाचं वाटतं, वापरताना नाही. माझी प्रिंटची ओळ अशी आहे: सुपर, मग कंसात अंडरस्कोर किंवा शिफ्ट, मग पी. खालच्या एलपी या छापायच्या आज्ञेत पुन्हा कंस, त्यात अंडरस्कोर किंवा दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय. म्हणजे नुसतं सुपर-पी एका बाजूला छापतं, शिफ्ट जोडली की पाठपोट. आधार कार्डाच्या झेरॉक्सला पाठपोट लागतं, अर्जाला नाही. दिवसात ही अदलाबदल किती वेळा होते ते झेरॉक्सवाल्यालाच विचारा.

दुसरी मोठी गोष्ट साखळीची. अर्धविराम टाकला की कळा एकामागून एक दाबायच्या. सुपर-ओ, मग अर्धविराम, मग कंसात के किंवा आर असं केलं की सुपर-ओ दाबून सोडायचं, मग के दाबलं तर काळा प्रिंटर, आर दाबलं तर रंगीत. पहिल्या कळेनंतर तीन सेकंदांत दुसरी नाही दाबली तर साखळी तुटते. ही मुदत बदलताही येते. एकाच वेळी तीन कळा दाबायला बोटं वाकडी करावी लागत नाहीत, आणि चुकून रंगीत प्रिंट निघायची भीती जाते, कारण आर वेगळं आणि मुद्दाम दाबावं लागतं. रंगीत कागद वाया गेला की तो कुणाच्या खात्यावर टाकायचा यावरून आमच्याकडे आधी रोज वाद व्हायचे.

अर्धविरामाऐवजी विसर्गासारखे दोन टिंब, म्हणजे कोलन टाकला, तर साखळी कुलूपबंद होते. शेवटची कळ कितीही वेळा दाबा, प्रत्येक वेळी काम होतं, एस्केप दाबेपर्यंत. जमिनीच्या जुन्या दस्ताची जाडजूड फाइल स्कॅन करायची असते तेव्हा हे वरदान आहे: सुपर-एस एकदा, मग पान उलट, एन दाब, पान उलट, एन दाब. नजर कागदावर, स्क्रीनकडे बघायचीच गरज नाही.

आणि इथेच मला या प्रोग्रॅमची सर्वांत मोठी खोट दिसते. कुलूप लागलंय हे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. भाच्याने एकदा स्कॅनिंग संपवलं, एस्केप न दाबता उठला आणि तसाच अर्ज टाइप करायला बसला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत 'ल' नेमका एनच्या कळीवर असतो. खान्देशात अर्ज टाइप करायचा म्हणजे तिसऱ्या शब्दाला पाटील येणार. त्याने पाटील लिहिलं, उमटलं 'पाटी', आणि बाजूला स्कॅनरचा दिवा सरकला. पुन्हा लिहिलं, पुन्हा 'पाटी', पुन्हा दिवा. "मामा, कीबोर्डचा 'ल' गेला, नि स्कॅनरले भूत लागलं." अर्जदार पाटीलच समोर उभे, ते म्हणाले, "राहू दे, पाटी तर पाटी." 'अमळनेर' मात्र नीट उमटत होतं, कारण 'ळ'ला शिफ्ट लागते आणि शिफ्ट-एन ही वेगळी कळ धरली जाते. त्यामुळे तर पोरगा आणखीच चक्रावला.

यावर उपाय आहे. चालू स्थिती एका पाइपमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येईल अशा खास फाइलमध्ये, लिहून द्यायचा पर्याय प्रोग्रॅमला देता येतो, ती वाचून पॅनेलवर दिवा दाखवणारी स्क्रिप्ट आपण लिहायची. मी एवढं केलं नाही. एन काढून तिथे पॉज-ब्रेकची कळ टाकली, जी आजवर दुकानात कुणी कशासाठीही वापरली नव्हती. पण जो प्रोग्रॅम कीबोर्डचा काही भाग ताब्यात घेतो त्याने तसं दाखवायला हवं, हे माझं मत कायम आहे.

मराठी टायपिंग करणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो असा: कीबोर्ड मराठीवर असताना शॉर्टकट चालतात का? चालतात, कारण प्रोग्रॅम सुरू होतानाच अक्षराच्या नावावरून कोणती कळ ते ठरवून घेतो आणि पुढे ती कळच धरतो. तुम्ही नंतर मराठीवर जा, इंग्रजीवर या, त्याला फरक पडत नाही. मात्र सुरू होताना इंग्रजी मांडणी हजर असली पाहिजे. माझ्याकडे इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी अशी जोडी लावलेली आहे. फक्त मराठीच मांडणी ठेवून मशीन सुरू केलं तर 'पी' नावाची कळ त्याला सापडायची कुठून?

न्यूमलॉकचाही घोळ त्याने आपणहून निस्तरला आहे. एक्सच्या दुनियेत न्यूमलॉक हीसुद्धा कंट्रोल-शिफ्टसारखी जोडकळ मानली जाते. त्यामुळे न्यूमलॉक चालू असताना दाबलेलं सुपर-१ आणि बंद असताना दाबलेलं सुपर-१ ही खरं तर दोन वेगळी जोडपी. एसएक्सएचकेडी कॅप्सलॉक-न्यूमलॉकच्या सगळ्या मेळांसकट कळ धरून ठेवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडला मात्र एक गंमत आहे. तिथला १ हवा असेल तर त्याचं नाव केपी-एंड असं लिहावं लागतं, कारण त्या कळीवर आकड्याखाली एंड छापलेलं असतं आणि प्रोग्रॅम तेच पहिलं नाव बघतो. केपी-१ लिहून काही होत नाही म्हणून डोकं खाजवणारे बरेच असतील. कुठल्या कळेचं नाव काय हे शोधायला एक्सईव्ही नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, चालवून कळ दाबली की नाव दिसतं.

अर्जांचा ठरलेला मजकूर एका कळेवर ठेवायची माझी हौस होती. 'प्रति, मा. तहसीलदार सो., अमळनेर, जि. जळगाव' हे दिवसातून किती वेळा टाइप करायचं? यासाठी एक्सडूटूल नावाचा प्रोग्रॅम लागतो, जो आपल्या वतीने कळा दाबतो. तो एसएक्सएचकेडीने चालवला की एक अडचण येते: आपलं बोट अजून सुपरवर असतं, त्यामुळे तो जी अक्षरं 'दाबतो' ती सुपरसकट जातात आणि मजकूर उमटण्याऐवजी भलत्याच खिडक्या उघडतात. यावर कळेच्या नावाआधी अ‍ॅटचं चिन्ह लावायचं, म्हणजे कळ दाबताना नाही, सोडताना काम होतं. शिवाय एक्सडूटूललाही दाबलेल्या जोडकळा बाजूला ठेवायचा पर्याय द्यायचा. एवढं करूनही देवनागरी मजकूर त्याच्याकडून टाइप करून घेणं मला भरवशाचं वाटलं नाही. जोडाक्षरं मधेच गळायची. मी मजकूर एक्सक्लिपने क्लिपबोर्डवर टाकतो आणि एक्सडूटूलला फक्त कंट्रोल-व्ही दाबायला लावतो. हे आजपर्यंत चुकलेलं नाही. नुसतं मजकूर भरणंच हवं असेल तर ऑटोकी नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे, त्याला खिडकी आहे, तो बघा.

फाइल बदलली की बदल आपोआप लागू होत नाही. प्रोग्रॅमला यूएसआर-१ हा सिग्नल पाठवावा लागतो. तोही एका कळेवर ठेवायचा, मी सुपर-एस्केपवर ठेवला आहे. फाइलमध्ये काही चुकलं तर तक्रार टर्मिनलवर छापली जाते, पण मशीन सुरू होताना आपोआप चालू केलेल्या प्रोग्रॅमचं टर्मिनल कोण बघतो? म्हणून नवीन शॉर्टकट घालताना आधी तो बंद करून टर्मिनलमधून हाताने चालवा आणि काय म्हणतो ते वाचा. कळेचं नाव चुकलं असेल तर सांगतो. ती कळ आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवली असेल तर तेही सांगतो. एक्समध्ये एक कळ एकदाच धरता येते, पहिला येईल त्याची.

याचा झटका मिंटच्या एक्सएफसीईत लगेच बसतो. तिथे नुसती सुपर दाबली की मेनू उघडतो, आणि ती सोय चालू असेपर्यंत माझ्या सुपरच्या जोड्या कधी लागायच्या, कधी मेनूच उघडायचा. मेनूची कळ ऑल्ट-एफ १ करून टाकली, प्रश्न मिटला. काही जण यापायी एसएक्सएचकेडीलाच शिव्या घालतात, पण दोष त्याचा नाही.

एक्सएफसीईचे स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट आहेत की, मग हे कशाला? बरोबर आहे. तीन-चारच शॉर्टकट हवे असतील तर तेच वापरा, खिडकीत क्लिक करा आणि मोकळे व्हा. पण तिथे साखळी नाही, कंस नाहीत, प्रत्येक शॉर्टकटसाठी वेगळी क्लिकाक्लिकी. आणि मशीन बदललं की सगळं नव्याने. माझी फाइल पेनड्राइव्हवर असते. हार्डडिस्क गेली तेव्हा नवीन डिस्कवर मिंट टाकलं, फाइल जागेवर ठेवली, सेशन अँड स्टार्टअपमध्ये प्रोग्रॅमचं नाव घातलं आणि चहा येईपर्यंत काउंटर पूर्वीसारखा. दुसऱ्या मशीनवर तीच फाइल, त्यामुळे भाचा कुठल्याही खुर्चीत बसला तरी बोटं तिथेच जातात. मला विचाराल तर यातच त्याचे पैसे वसूल आहेत, पैसे पडत नसले तरी. वजन तर नाहीच. दोन जीबी रॅमच्या मशीनवरही तो आहे की नाही कळत नाही.

एक्सबाइंडकीज याहून जुना, तोही फाइलवरच चालतो. मी आधी तोच वापरायचो. काम होतं, पण त्याची लिहायची पद्धत उलटी, आधी आज्ञा आणि मग कळ, आणि कंसांसारखी सोय साध्या फाइलमध्ये नाही.

आता ज्यांना हे अजिबात चालणार नाही त्यांच्याबद्दल. एसएक्सएचकेडी फक्त एक्सवर, म्हणजे एक्स-११ वर चालतं. वेलँड ही एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था, तिच्यावर नाही आणि चालणारही नाही, कारण वेलँडची रचनाच अशी आहे की एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेल्या कळा ऐकू येत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. एक्सवर कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप सगळे पासवर्ड ऐकू शकतो, आणि आमच्यासारख्या दुकानात लोकांचे ओटीपी-पासवर्ड रोज टाइप होतात. वेलँडमध्ये सर्वत्र चालणारी कळ कोणाला द्यायची हे डेस्कटॉप ठरवतो. त्यासाठी, प्रोग्रॅमने डेस्कटॉपकडे कळ मागायची, पोर्टल नावाची सोय झाली आहे, केडीई या डेस्कटॉपने ती २०२३ च्या प्लाझ्मा ५.२७ मध्ये घेतली, नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत. पण ती सोय विचारणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे, आपल्या दोन ओळींच्या फाइलसाठी नाही. उबुंटू २५.१० पासून तिथल्या मुख्य डेस्कटॉपला एक्सचं सेशनच उरलेलं नाही. तुम्ही त्यावर असाल तर हे सगळं वाचून उपयोग नव्हता, माफ करा.

त्यांच्यासाठी दोन पर्याय. एसडब्ल्यूएचकेडी हा याच्याच धर्तीवर रस्ट या भाषेत लिहिलेला, फाइलची पद्धत बरीचशी तीच, वेलँडवर चालतो. दुसरा कीडी. तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पातळीवरच कळा पकडतो, त्यामुळे एक्स, वेलँड, काळी टर्मिनल, सगळीकडे सारखाच. कॅप्सलॉकला कंट्रोल करणे वगैरे कामांना तो फारच छान. पण त्याच्यातून आज्ञा चालवली तर ती रूटच्या, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या मालकाच्या, हक्काने चालते. काउंटरवरच्या मशीनला, जिथे पोरंटोरं बसतात, मी ते करणार नाही.

एसएक्सएचकेडीची ०.६.२ ही आवृत्ती २०२० ची आहे आणि मिंटच्या भांडारातून मला तीच मिळाली. इतकी जुनी म्हणून घाबरायचं कारण मला दिसत नाही. एक्स तरी कुठे बदलतंय. एक्सएफसीईने २०२४ च्या डिसेंबरात ४.२० मध्ये वेलँडची प्रायोगिक सोय आणली आहे, म्हणजे आमच्या डोक्यावरही ते कधीतरी येणारच. तोवर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाकून इन्स्टॉल करा आणि फाइल होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगच्या आत, प्रोग्रॅमच्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात शेवटी आरसी जोडायला विसरू नका. फोल्डर आपोआप तयार होत नाही. सुरुवातीला दोनच शॉर्टकट घाला, त्यातला एक सुपर-एस्केपचा.